चूर्णाचा खल

मोहगावच्या उर्मिलाचे पत्र उन्हाळा संपता संपता आले, आणि पोळा जवळ आला तरी त्याला उत्तर गेले नव्हते. सौंसरच्या यशवंतराव गुरुजींच्या घरात, ओट्यावरच्या कोनाड्यात ते पडून होते. वाऱ्याने उडू नये म्हणून गुरुजींनी त्यावर माझा बत्ता ठेवला होता. मित्रांनो, मी एक जुना दगडी खल आहे. बत्त्यावाचून खल म्हणजे नुसती दगडाची वाटी. मला गोष्ट नीट सांगता येईल याची खात्री नाही, कारण माझे आयुष्य कुटून घेण्यात गेले, बोलण्यात नाही. तरी प्रयत्न करतो.

जामसांवलीच्या मारुतीच्या वाटेवर एका पाथरवटाने मला विकायला मांडले होते. पांढुर्ण्याचे विनायकराव वैद्य तिथे थांबले. त्यांनी ओले बोट माझ्या पोटातून फिरवले, बोटाला कच लागली नाही असे पाहिले आणि मला उचलले. पुढे किती वर्षे मी सुंठ, हिरडा, पिंपळी कुटली ते आठवत नाही. बचनागासारखी विषारी मुळीही कुटली. पण ती कुटून झाली की वैद्यबुवा मला राखेने घासत, ऊन दाखवत, मगच दुसरे काही घालत. आलेल्या माणसाला ते सांगायचे, "औषध माझं, पण बारीक यानं केलं." एवढे कौतुक मला पुष्कळ होते.

वैद्यबुवा गेले. मुलांनी त्या जागेत कापडाचे दुकान काढले आणि दार आपटू नये म्हणून मी बाहेर आलो. पावसाळ्यात माझ्यात पाणी साचायचे, कुत्री ते प्यायची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गोटमारीला, म्हणजे नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगड फेकायच्या जत्रेला, पोरे गल्लीतून दगड वेचत निघाली की माझ्या अंगावर काटा यायचा. पण मी जड. कोणी उचलून पाहायचे आणि शिवी देऊन खाली ठेवायचे. वजनाने वाचलो.

एकदा सौंसरचे यशवंतराव गुरुजी धोतरजोडी घ्यायला त्या दुकानात आले. नोकरीतून निवृत्त झालेले, पुस्तकात डोके घालून बसणारे, दुकानदाराशीही खालच्या आवाजात बोलणारे. धोतर घेऊन ते दोनदा पायरी उतरले, दोनदा परत आले, आणि शेवटी विचारले, "हा खल... म्हणजे, लागत नसेल तर?" दुकानदार हसला, कोपऱ्यात पडलेला माझा बत्ताही काढून दिला आणि घेऊन जा म्हणाला. एसटीत गुरुजींनी मला मांडीवर घेतले होते. त्यांच्या मांड्या दुखल्या असतील, पण त्यांनी मला खाली ठेवले नाही.

गुरुजींच्या परसात कोंबड्या होत्या आणि पांढऱ्या सशांची एक जोडी होती. ही जनावरे औषधांच्या बाटल्यांवाचून धडधाकट वाढावीत, असा त्यांना छंद लागला होता. शेवग्याचा पाला सावलीत वाळवायचा, त्यात थोडी हळद, चिमूटभर ओवा, आणि आपल्याकडे तोटा नसलेली संत्र्याची वाळलेली साल. कोंबड्यांच्या वाट्यात अंड्यांची भाजलेली टरफलेही घालायची. हे सगळे मी बारीक करायचो. ससे असे तुकतुकीत झाले की गल्लीतली माणसे पाहायला येऊ लागली. एका लग्नात गुरुजींची जुनी विद्यार्थिनी उर्मिला भेटली. तिला त्यांनी लाजत लाजत चूर्णाबद्दल सांगितले, आणि तिचे ते पत्र आले.

मोहगावला तिच्या सासरी तिचे स्वतःचे म्हणावे असे काही असेल तर माहेराहून आणलेल्या कोंबड्या आणि ससे. पण पिल्ले वाढत नव्हती. सासरे तुळशीरामजी म्हणाले होते, पोळ्यापर्यंत ती भरली नाहीत तर खुराडे मोडून तिथे बैलांचा चारा ठेवीन. तिने विचारले होते, गुरुजी, तुमचे चूर्ण कसे करायचे आणि किती द्यायचे?

गुरुजी उत्तर लिहायला बसलेही होते. नेमकी तेव्हाच आमची कोंबड्यांची पिल्ले मलूल झाली. पिसे विस्कटली, वाढ थांबली. अंडी चार दिवस ठेवून फोडली तर बलक मळकट हिरवा निघाला. गुरुजींनी लेखणी खाली ठेवली. आपल्या चूर्णाने आपलीच पिल्ले बिघडली, आता दुसऱ्याची बिघडवायची का, असे त्यांना वाटले असावे. आणि मला काय वाटले सांगू? मला तो बचनाग आठवला. वाटले, वैद्यबुवांनी कितीही घासले तरी माझ्या दगडाच्या छिद्रात विष राहिले असेल, आणि तेच आता पिल्लांना भोवते आहे. त्या ओट्यावर आम्ही दोघे शेजारी शेजारी बसायचो, दोघेही खाली मान घालून.

गुरुजींनी चूर्ण बंद केले. मला धुऊन पालथे घातले. तरी पिल्ले सुधारली नाहीत. एक गोष्ट मात्र मला कळत नव्हती. चूर्ण बंद झाले, तरी दुपारी गुरुजी वाचता वाचता डुलकी घेत तेव्हा त्यांच्या पत्नी, देवकाबाई, मला आणि बत्त्याला उचलून मागच्या अंगणात नेत आणि सरकीची ढेप कुटत. ढेप म्हणजे सरकीचे तेल काढून उरलेला चोथा. कपाशीच्या मुलखात गायीबैलांचे हे पक्वान्न. मला वाटे, गोठ्यातल्या म्हशीसाठी नि बैलांसाठी असेल.

एका दुपारी गुरुजींना डुलकी लागली नाही. ते मागे आले आणि दारातच उभे राहिले.

"हे काय करून राहिली व?"

"ढेप कुटून राहिली," देवकाबाई म्हणाल्या. "कोंबड्याईसाठी. तुमच्या पाल्यानं त्याईचं पोट भरते का?"

गुरुजींनी विचारले, केव्हापासून? तर उन्हाळ्यापासून. घरात ढेपेचे नवे पोते आले तेव्हापासून. म्हशीने दूध वाढवले, बैलांना मांस चढले, मग कोंबड्यांनीच काय पाप केले, असे त्यांचे म्हणणे.

"अन् सशाले?"

"दिली होती एक डाव. त्यानं हुंगून पाहिली अन् पाठ फिरवली. तुमच्यासारखाच नखऱ्याचा हाय तो."

गुरुजी पायरीवर बसले. ससे चूर्ण बंद होईपर्यंत ते खात होते, ढेप खात नव्हते, आणि तुकतुकीत होते. कोंबड्या दोन्ही खात होत्या. चूर्ण बंद झाले तरी त्या तशाच मलूल होत्या. त्यांनी हा हिशेब पुन्हा पुन्हा लावून पाहिला, कारण त्यांचा स्वतःवर विश्वास नव्हता. मग गुरांच्या दवाखान्यात जाऊन भीत भीत डॉक्टरांना विचारले. डॉक्टर म्हणाले, सरकीत असे एक द्रव्य असते की ते रवंथ करणाऱ्या मोठ्या गुरांना पचते, पण कोंबडीला आणि सशाला बाधते. बलकही त्यानेच हिरवा होतो.

मित्रांनो, त्या दिवशी मला कसे हलके वाटले! माझ्यात विष नव्हते. देवकाबाईंनी कोंबड्यांची ढेप त्याच दिवशी बंद केली. त्यांनी मला स्वतः राखेने घासले, आणि चूर्ण पुन्हा सुरू झाले. श्रावणात पिल्लांना नवी पिसे फुटली. ती दाण्यावर तुटून पडू लागली.

तरी गुरुजी पत्र लिहीनात. आणखी थोडे दिवस पाहू, अजून पुरती खात्री नाही, असे म्हणत राहिले. शेवटी देवकाबाईंनी पत्रावरचा बत्ता उचलून माझ्यात आपटला.

"मोहगावात घरोघरी कपाशी हाय. तिचा सासरा ढेप पोत्यानं आणत असन, अन् ते पोरगी माया करून माह्यासारखीच घालून राहिली असन. पोळा या हप्त्यात हाय. तुमची खात्री होयेलोक तिचं खुराडं राह्यते का?"

गुरुजी लिहायला बसले. लिहून झाल्यावर त्यांनी वाचून दाखवले, "माझ्या अल्प बुद्धीला असे वाटते की बहुधा..."

"बहुधा काढा," देवकाबाई म्हणाल्या. "अल्प बुद्धी बी काढा. ढेप बंद कर म्हणून लिहा."

तो कागद त्यांनी फाडला. दुसऱ्यावर लिहिले: उर्मिला, कोंबड्यांना आणि सशांना सरकीची ढेप देत असशील तर आजच बंद कर. पिल्ले महिन्याभरात बाळसे धरतील. खुराडे मोडू नका, असे मी तुळशीरामजींना हात जोडून सांगतो. उत्तराला उशीर केला, त्याचा दोष माझा. खाली चूर्णाची कृती लिहिली, आणि चूर्ण कुटण्यापूर्वी खल घासून घे, हेही लिहिले. त्या शेवटच्या ओळीने मला फार बरे वाटले.

मुलांनो, तुमच्या घरीही एखादे मुके जनावर असेल. ते आपल्याला काय बाधले ते सांगू शकत नाही. म्हणून त्याच्यापुढे प्रेमाने काही टाकताना एवढेच बघा, की ते त्याचे अन्न आहे की दुसऱ्या कोणाचे. आणि एखादी उपयोगाची गोष्ट कळली, तर पुरती खात्री होईपर्यंत ती कोंडून ठेवू नका. जेवढी कळली तेवढी सांगा.

समोरच्या दुकानाच्या भिंतीवर पोस्टाची लाल पेटी आहे. गुरुजी तिथे पोचले तेव्हा चिंधू पोस्टमन पेटी रिकामी करत होता. गुरुजींनी पत्र पुढे केले, मागे घेतले, चष्मा लावून पत्ता पुन्हा वाचला. ओट्यावरून मला सगळे दिसत होते. देवकाबाई दारात उभ्या होत्या.

"गुरुजी, टाकता का मी जाऊ?" चिंधू म्हणाला. "मोहगावची डाक आत्ताच्या मोटारीनं जाते."

गुरुजींनी पत्र त्याच्या थैलीत टाकले. चिंधूने थैलीचे तोंड आवळले, सायकलवर टांग मारली, आणि मोटारस्टँडच्या रस्त्याला लागला.