चार घरांचं हजेरीबुक

मित्रांनो, माझ्या कव्हरवर ठसठशीत अक्षरांत 'हजेरी' असं छापलेलं आहे, पण मी जन्मात एकाही कामगाराची हजेरी घेतलेली नाही. मी एक जुनं, जाडजूड, कोपरे झिजलेलं हजेरीबुक आहे आणि माझ्या पोटात आहेत सतरा वर्षांच्या घरगुती बातम्या, शंभरेक पाककृती आणि पान चौऱ्याऐंशीवर लोण्याचा एक भला मोठा डाग.

मी बांधून तयार झालो तेव्हा मला फार ऐट होती. लाल कापडी पाठ, निळ्या रेघा, तारखांचे एकतीस रकाने आणि शेवटी एक रुंद रकाना, 'शेरा'. वाटायचं, आता रोज शेकडो लोक माझ्यापुढे अदबीने उभे राहणार! पण मी कारखान्यात पोचलो त्याच आठवड्यात तिथे बोट लावायचं यंत्र बसलं. कामगार बोट लावायचे, यंत्र 'पीं' करायचं, झाली हजेरी. मी कोरा करकरीत कपाटात पडून राहिलो.

तिथल्या हजेरी कारकुनाला माझी दया आली. त्याला घरी सगळे दादा म्हणत. दादा म्हणजे नियमाचा माणूस. रद्दीत निघालेलं एक बुक घरी न्यायलाही त्याने रीतसर अर्ज केला आणि मंजुरीची वाट पाहत चार दिवस थांबला.

दादाची तीन भावंडं त्याच शहराच्या तीन टोकांना राहत होती. थोरली अक्का कपडे शिवायची आणि एकटी राहायची. दादाच्या पाठचा भाऊ घड्याळं दुरुस्त करायचा. आणि सगळ्यांत लहान ती धाकटी, शाळेची बस चालवायची. केस पिकले तरी ती धाकटीच राहिली. आई गेल्यापासून चौघांच्या भेटी कमी झाल्या होत्या. फोन यायचा तो कुणी आजारी पडलं तरच. म्हणून दादाने माझ्या पहिल्या पानावर नियम लिहिले. बुक प्रत्येक घरी आठ दिवस राहील. आल्याबरोबर 'हजर' असं लिहावं, बातमी नसली तरी. बातम्या पुढून, पाककृती मागून. कुणाचा पदार्थ करून पाहिला, तर काय झालं ते 'शेरा' या रकान्यात खरं खरं लिहावं. आणि बुक पुढच्या घरी स्वतः नेऊन द्यावं.

हा शेवटचा नियम सगळ्यांत हुशारीचा. कारण मला घेऊन आलेलं माणूस दारातून परत कसं जाईल? ते बसायचं, चहा प्यायचं आणि जे माझ्यात लिहिलं नव्हतं तेही सांगून जायचं. दादाकडून मी भावाकडे जायचो, भाऊ मला अक्काकडे न्यायचा, अक्का धाकटीकडे आणि धाकटी पुन्हा दादाकडे.

बातम्या तरी काय एकेक! धाकटीने लिहिलं, "एका मुलीने बसमध्ये गोगलगाय सोडली. शाळा आली तेव्हा ती दुसऱ्या बाकापर्यंतच पोचली होती." भावाने लिहिलं, "शेजाऱ्यांचं घड्याळ सात मिनिटं पुढे आहे. त्यांना सांगितलं. ते हसले. मला दिवसभर काही सुचलं नाही." अक्काने लिहिलं, "गिऱ्हाईक म्हणतं कोट आटला. कोट नाही आटला."

पाककृतींचीही तीच तऱ्हा. भाऊ बटाटे अकरा मिनिटं चाळीस सेकंद उकडायला सांगायचा. अक्का लिहायची, "आवाज बदलेपर्यंत ढवळावं." कसला आवाज, कसा बदलतो, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. एका गोष्टीत मात्र चौघांचं एकमत होतं. मैदा असो, तांदूळ असो, मोजायचं ते आईच्या कपानेच. भांडण इथूनच सुरू झालं, पण तेव्हा ते माझ्याही लक्षात आलं नाही.

एकदा अक्काने आईच्या हातच्या गाजराच्या केकची कृती लिहिली. तीन अंडी, एक गाजर, लोण्याची एक वडी, आईच्या कपाने तीन कप मैदा आणि असंच बरंच काही. धाकटीने हौसेने केक केला आणि नियमाप्रमाणे शेरा लिहिला, "केक झाला. मागचं दार वाऱ्याने आपटायचं, ते आता आपटत नाही."

दादा हसला, भाऊ हसला. अक्का हसली नाही. तिने खाली लिहिलं, "काहींना कृती वाचायचाही कंटाळा येतो." पुढच्या फेरीत धाकटीने उत्तर दिलं, "काही जण कृती देताना हातचं राखून देतात."

अक्काला हे फार लागलं. आईच्या कृतीत आपण लपवाछपवी केली? तिने मला मिटलं आणि शिलाई मशीनच्या डगमगत्या पायाखाली सरकवलं. मशीन डगमगायचं थांबलं, आणि माझं फिरणंही.

मित्रांनो, मशीनच्या पायाखालून जग फार लहान दिसतं. सुया, दोऱ्यांचे तुकडे आणि अक्काची पावलं, बस्स! दादाने फोन केला, "बुक कुठे अडकलंय?" अक्का म्हणाली, "कामात आहे." ते खोटं नव्हतं. मग भाऊ यायचा बंद झाला, कारण बुक हातात नाही तर जायचं कोणत्या निमित्ताने? अक्काही कुठे गेली नाही. जिन्यात पावलं वाजली की तिचं मशीन थांबायचं. पावलं वरच्या मजल्यावर निघून गेली की पुन्हा सुरू व्हायचं. माझा जीव तुटायचा. पण बुकाला बोलता कुठे येतं?

दर आठवड्याला मात्र एक गंमत व्हायची. अक्का ते जड मशीन एका हाताने उचलायची, मला बाहेर ओढायची, काहीतरी लिहायची आणि पुन्हा पायाखाली सरकवायची.

असे जवळजवळ तीन महिने गेले. मग एका दुपारी शाळेची पिवळी बस खाली येऊन थांबली आणि धाकटी कापडी पिशवी घेऊन धाडधाड जिना चढून आली.

"मला कृती वाचता येत नाही काय? हा घे पुरावा!" तिने केक टेबलावर ठेवला. टेबल दणाणलं.

"हा अजून टिकलाय?" अक्काने विचारलं.

"टिकलाय? अगं, त्याला काही होतच नाही!"

"मैदा किती घातलास?"

"तू लिहिलास तेवढाच. आईच्या कपाने तीन कप."

"आईचा कप माझ्याकडे आहे, धाकटे. तू आपली अंदाजाने मोजत बसलीस, म्हणून फसलीस."

"अंदाजाने?" धाकटीने पिशवीतून कप काढून आपटला. "हा काय आहे मग?"

अक्का तरातरा स्वयंपाकघरात गेली. तेवढ्यात धाकटीला मी दिसलो. माझी ही अवस्था पाहून ती आणखी चिडली. मशीन उचलून तिने मला बाहेर काढलं, अक्काला तिचीच कृती दाखवावी म्हणून उघडलं, आणि उघडलं ते नेमकं बातम्यांचं शेवटचं पान. तिथे अक्काच्या अक्षरात, आठ-आठ दिवसांच्या अंतराने, एकाखाली एक अकरा ओळी होत्या. प्रत्येक ओळीत तारीख आणि एकच शब्द. हजर. बातमी नाही, कृती नाही.

अक्का कप घेऊन परत आली, तेव्हा धाकटी तशीच उभी होती.

"हे काय आहे गं?"

"हजेरी."

"कुणी वाचणार नव्हतं, तर लिहीत कशाला होतीस?"

"नियम आहे ना दादाचा," अक्का खाली बघत म्हणाली. "आणि म्हटलं, बुक कधी पुढे गेलंच, तर तुम्हाला कळावं. मी काही कुठे गेले नव्हते."

धाकटीचा राग कुठल्या कुठे पळाला. तिने अक्काच्या हातातला निळ्या काठाचा नाजूक कप घेतला आणि आपल्या कपात ठेवून पाहिला. तो अलगद आत बसला, वर चार बोटं जागाही उरली.

"अगं, हा कप आहे की बादली!" अक्का म्हणाली आणि दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. त्यातलं हसण्याचं पाणी किती, ते मी सांगणार नाही.

त्यांनी दादाला फोन लावला. सगळं ऐकून दादा हळूच म्हणाला, "आईचा कप तर माझ्याकडे आहे." भाऊही तेच म्हणाला. आईचं घर आवरताना प्रत्येकाने गुपचूप एकेक कप पिशवीत टाकला होता, आणि खरा कप माझ्याकडेच, बाकीचे आठवणीवर चालतात, असं सतरा वर्षं चौघांनाही वाटत होतं.

रविवारी चौघं अक्काकडे जमले. चार आकारांचे चार कप माझ्या कव्हरवर मांडले गेले. यातला खरा कोणता, यावर तासभर वाद झाला. शेवटी अक्का म्हणाली, "पण आईला कपाने मोजताना कुणी पाहिलंय का? ती तर मुठीने टाकायची."

कुणीच पाहिलं नव्हतं.

"मग हे कप कसले?" भावाने विचारलं.

"चहाचे," अक्का म्हणाली आणि चौघांना त्याच कपांतून चहा दिला. धाकटीला अर्थातच सगळ्यांत जास्त मिळाला.

मित्रांनो, आता मी पुन्हा फिरतो आहे. पाठ सुटली आहे, कव्हरवर चार कपांचे चार गोल उमटले आहेत, तरी माझी तक्रार नाही. एवढीच विनंती आहे, की तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी अडकून पडलं असेल, तर त्याला पुढे पाठवा. लिहायला काही नसेल, तर एक शब्द लिहा. तो एक शब्द केवढा असतो, हे मी त्याच रविवारी पाहिलं.

चहा झाल्यावर धाकटीने मला मांडीवर घेतलं आणि अक्काच्या अकरा ओळींशेजारी आपल्या अक्षरात 'हजर' लिहायला सुरुवात केली.

"मागच्या तारखांची हजेरी लावता येत नाही," दादा म्हणाला. "पस्तीस वर्षांत मी एकाही कामगाराला लावू दिली नाही."

धाकटीने वर पाहिलंही नाही. अकरा वेळा लिहून तिने पेन भावाकडे दिलं. भावानेही अकरा वेळा लिहिलं. दादा खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. मग परत आला, खिशातून स्वतःचं पेन काढलं, सुवाच्य अक्षरात अकरा वेळा 'हजर' लिहिलं, आणि 'शेरा' या रकान्यात खाली सही करून नोंद केली, "यायला उशीर झाला. चूक माझी."