सात बांबू

हेमलताला दुसरी मुलगी झाली, त्याच वर्षी तिची धाकटी बहीण ललिता वनरक्षकाच्या भरतीला शेवटची बसली. शेवटची म्हणजे वयानं शेवटची. दिवाळीच्या आत तिला बत्तीस पूर्ण होणार होती आणि पुढं तिच्या नावाचा अर्जच कुणी घेणार नव्हतं. धुळ्याला देवपुरात खोली घेऊन, अभ्यासिकेत बसून तिनं चार वर्षं काढली होती. एकदा थोडक्या गुणांनी राहिली, एकदा भरतीच रद्द झाली. शेवटी पुस्तकं दोन गोण्यांत भरून ती चोपडा तालुक्यातल्या आपल्या पाड्यावर परत आली. गोण्या ओट्यावर ठेवल्या आणि दीड दिवस झोपून राहिली.

तिच्या बापानं, खेमानं, पासष्टी ओलांडली होती. तीस वर्षं तो वनमजूर होता. रोपवाटिकेला पाणी घाल, खड्डे खोद, वणवा लागला की ओली फांदी घेऊन धाव, यातच त्याचे गुडघे संपले. अक्षर त्याला चाळिशीनंतर आलं, तेही प्रौढ वर्गात कंदिलापुढं बसून. अजून तो ओळीखाली बोट धरूनच वाचायचा. पण पोरीला मदत करायची तर दुसरं काय होतं त्याच्याजवळ? दुपारचं जेवण झालं की तो सामान्यज्ञानाचं जाड पुस्तक मांडीवर घ्यायचा आणि प्रश्न विचारायचा. ललिता तूर निवडत उत्तरं द्यायची. उत्तर बरोबर आलं की एका डब्यात चिंचोका, चुकलं की दुसऱ्यात.

"सोडियम हा धातू कशात बुडवून ठेवतात?"

"रॉकेलमा."

"रॉकेल ते रेशनवर कधीनं बंद व्हयनं," चुलीपुढून चमेलीबाई, खेमाची बायको, म्हणायची. "आते त्या बिचारानं काय?"

"ऑक्टोपसला हृदये किती?"

"तीन."

"मना एकच शे, त्यालेच तुम्ही बापलेकीसनी दम पडू दिधा नही. तीन लिसन तो जीव जगस कसा?"

खेमा हसायचा नाही. हसला तर ओळ हरवायची. पारा, जस्त, हत्तीचे दात, घुबडाची मान, लळिंगचा किल्ला. सगळं त्याच्या बोटाखालून मुंगीच्या चालीनं जायचं. वेरूळचं कैलास लेणं डोंगराच्या माथ्यापासून खाली कोरत आणलं, हे वाचल्यावर तो बराच वेळ थांबला. म्हणजे कळस आधी, पाया शेवटी. तितकी वर्षं उकिडवं बसून छिन्नी मारणाऱ्या माणसांच्या गुडघ्यांचं काय झालं असेल, हे पुस्तकात दिलेलं नव्हतं.

एका दुपारी प्रश्न आला : बांबू हे काय आहे? झाड, गवत, झुडूप की वेल?

"गवत," ललिता म्हणाली.

खेमानं मागचं पान काढलं. तिथंही गवतच होतं. त्यानं पुस्तक मिटलं.

"पुस्तक चुकनं."

"आबा, शास्त्रमा गवतच शे. ऊस, ज्वारी, बांबू, बठ्ठं एकच घराणं."

"गवत व्हतं ते रुपचंदभाऊले कसाले धरं?"

रुपचंद खेमाचा मोठा भाऊ. पस्तीस वर्षांपूर्वी छपरासाठी त्यानं जंगलातून सात बांबू तोडून आणले आणि वनखात्याच्या नाक्यावर सापडला. झाडं तोडल्याचा गुन्हा लागला. जामीन द्यायला कुणी पुढं आलं नाही म्हणून बारा दिवस आत बसला. सुटून आला तो पाड्यावर राहिलाच नाही. जळगावला गेला, पिंप्राळ्यात एका कॉलनीचा वॉचमन झाला आणि तिथंच म्हातारा झाला. सणासुदीलाही यायचा नाही. पंचनाम्यावर दोन पंचांचे अंगठे होते आणि त्यातला एक खेमाचा होता, हे घरात कुणी मोठ्यानं बोलत नसे.

त्या दिवशी चिंचोका कुठल्याच डब्यात पडला नाही.

परीक्षा जळगावला होती, संगणकावर. खेमा गेटाबाहेर कडुनिंबाखाली अडीच तास बसला. ललिता बाहेर आली, बाटलीतलं पाणी प्यायली आणि म्हणाली, "बांबूना प्रश्न उना व्हता."

"मंग?"

"झाड लिखं."

"पुस्तकमा ते..."

"पुस्तक राहू द्या. परीक्षा वनखातानी शे ना? मंग उत्तरबी खातानंच पाहिजे. खातानी काकाले झाड म्हनीसन धरं, आते माले गवत म्हनीसन कसं फिरी जाई?"

खेमाला ते इतकं पटलं की त्यानं स्टँडवर तिला भजी घेऊन दिली आणि स्वतःही खाल्ली. बस धरणगाव सोडून पुढं निघाली तेव्हा ललिता खिडकीला डोकं टेकून झोपली होती. खेमा जागा होता. बऱ्याच वर्षांनी आपण कुणाच्या उपयोगी पडलो, असं त्याला वाटत होतं.

पंधरा दिवसांनी उत्तरतालिका लागली. चोपड्यात पंडितच्या दुकानात बापलेक ती बघायला गेले. पंडित पन्नाशीचा माणूस, अर्ज भरून द्यायचं काम करायचा आणि अर्जदारांची चेष्टा फुकट करायचा. त्यानं चष्म्यातून पाहिलं.

"प्रश्न अडतीस. गवत. तुम्ही झाड दिलंय. दोन गुण गेले, ताई."

ललितानं बाकीची बेरीज केली. मागच्या वेळी यादी जिथं थांबली होती, बरोबर तिथं ती येत होती. दोन गुण वर की दोन गुण खाली, एवढंच उरलं होतं.

"मी सांगं तुले ते," खेमा म्हणाला.

"मी लिखं," ललिता म्हणाली.

"हरकत घेता येते," पंडित म्हणाला. "तीन दिवसांत. पुरावा जोडावा लागतो. कायद्यात पूर्वी बांबू झाडातच धरत होते, दोन हजार सतरा साली काढला. जुना सरकारी कागद असला तर द्या, जोडून बघू. माझं काय, मी काहीही जोडतो. मागं एकानं लग्नपत्रिका जोडली होती."

"खात्याचा कागद चालेल?" ललितानं विचारलं. "बांबूला झाड लिहिलेला?"

"असला कागद कुणाकडं असतो, ताई?"

असा कागद कुणाकडं आहे, हे दोघांनाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी खेमा एकटाच जळगावला गेला. पिंप्राळ्यात कॉलनीच्या फाटकाजवळ पत्र्याची खोली होती. रुपचंद बाहेर खुर्चीवर बसला होता. अंगात जाड स्वेटर, पाय सुजलेले. त्याला खेमाला ओळखायला वेळ लागला, की त्यानं तो मुद्दाम लावला, कळलं नाही.

"कोन मरनं?" त्यानं विचारलं.

"कोनीच नही, भाऊ."

"मंग कसाले उना?"

खेमानं सगळं सांगितलं. पोरीचं वय, दोन गुण, हरकत, कागद. सांगताना त्याची मान वर होत नव्हती. कॉलनीतली एक बाई स्कूटर घेऊन आली तेव्हा रुपचंदनं उठून फाटक उघडलं, लावलं आणि परत बसला. मग आत जाऊन पत्र्याची पेटी उघडली. वीजबिलं, औषधाच्या चिठ्ठ्या, आणि तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला तो कागद. घडीवर फाटलेला.

"वाच," रुपचंद म्हणाला. "आते तुले येस ना वाचता?"

खेमानं तो कागद आजवर वाचलेला नव्हता. अंगठा दिला तेव्हा त्याला वाचता येत नव्हतं आणि वाचता आलं तेव्हा कागद भावाबरोबर जळगावला गेला होता. त्यानं ओळीखाली बोट धरलं.

"...सात नग बांबू जातीची जिवंत झाडे विनापरवाना तोडलेली..." इथवर त्याचा आवाज नीट होता. "पंच क्रमांक दोन, खेमा, यांनी आरोपीस झाडे तोडताना स्वतः समक्ष पाहिले व..."

बोट थांबलं. त्या दिवशी तो रोपवाटिकेत खाली होता. त्यानं काहीच पाहिलं नव्हतं. साहेबानं सांगितलं होतं, हजेरीचा कागद आहे, अंगठा दे. एवढंच. पण हे पस्तीस वर्षांत त्यानं भावाला कधी सांगितलं नव्हतं, कारण सांगायचं तर आधी अंगठ्याचं नाव काढावं लागलं असतं.

"भाऊ, मी पाहेल नव्हतं."

"माले मालूम शे. मी एकटाच व्हतू तठे."

"माले सांगं हजेरीना कागद शे."

"तेबी मालूम शे. तुले काय, काहीबी सांगं असतं तरी तू अंगठा देता. रोजी व्हती तुनी." रुपचंदनं सुजलेला पाय हातानं उचलून दुसरीकडं ठेवला. "ले जा. पोरना कामले येस ते येऊ दे."

चहा मात्र त्यानं केला नाही, आणि खेमानंही मागितला नाही.

कागद पंडितनं जोडला. जोडताना वाचला आणि त्या दिवशी कुणाची चेष्टा केली नाही. मग वाट बघणं आलं. तेवढ्या दिवसांत तुरीचं काम होतं, हेमलताच्या पोरीला खोकला झाला होता, खेमाचे गुडघे होतेच. पुस्तक ओट्यावरच्या गोणीत गेलं.

महिन्यानं अंतिम उत्तरतालिका आली. हरकत अमान्य. खाली एक ओळ होती : बांबू हे गवत कुळातील आहे, मूळ उत्तर कायम. चार दिवसांनी निवड यादी आली. ह्या वेळी यादी मागच्यापेक्षा बरीच वर थांबली होती. ललिता आठ गुणांनी खाली होती. बांबूचे दोन मिळाले असते तरी ती आत आली नसती. पंडितनं ते दोनदा मोजून दाखवलं, म्हणजे बापाच्या जिवाला लागू नये. बापाच्या जिवाला ते तरीही लागलं.

"चला आबा," ललिता म्हणाली. "घर जाऊ."

"तू जा. माले कागद परत देना शे."

पिंप्राळ्यात ह्या खेपेस रुपचंद खाटेवर होता. फाटकावर दुसरा माणूस बसला होता. खेमानं पंचनामा पेटीत ठेवला आणि खिशातून दुसरा कागद काढला, पंडितनं छापून दिलेला.

"पोर पास व्हयनी?"

"नही."

"कागद चालना नही?"

"नही चालना. सरकारनी लिखेल शे, गवत शे म्हने."

"वाच."

खेमानं वाचलं.

"परत वाच. बोट धरीसन वाच."

खेमानं बोट धरून वाचलं, एकेक अक्षर. रुपचंद छताकडं बघत राहिला. पत्र्यावर कुठंतरी कबूतर चालत होतं.

"मंग मी बारा दिन कसाले बसनू तठे?" तो म्हणाला. रागानं नाही. एखाद्या दुकानात जाऊन भाव विचारावा तसं.

खेमाला वाटलं, ह्या प्रश्नाला पुस्तकाच्या मागच्या पानावर उत्तर असायला हवं होतं. तो खाटेच्या कडेला बसला आणि भावाचे पाय मांडीवर घेऊन चोळू लागला. रुपचंदनं पाय काढून घेतले नाहीत.

"चहा शे तठे," थोड्या वेळानं तो म्हणाला. "दूध नही."

खेमानं काळा चहा केला. दोघांनी तो प्यायला. त्यानंतर दर बाजाराच्या दिवशी खेमा जळगावला जाऊ लागला. ललितानं चोपड्यात एका क्लासमध्ये शिकवायचं काम धरलं. तिथं बांबूचा प्रश्न आला की ती गवत सांगते आणि पुढचा प्रश्न घेते.

रुपचंद दोन हजार चोवीस साली, होळीनंतर चौथ्या दिवशी, सकाळी पिंप्राळ्यातल्या खोलीत वारला. तेव्हा खेमा त्याच्याजवळ होता.