मावशीच्या पोटात काही टिकत नाही

मी एक जुना साचा आहे, मित्रांनो. लहान केक भाजायचा, पत्र्याचा, सहा खळग्यांचा. मांजराच्या गोष्टीत साच्याचं काय काम, असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटत होतं. पण शेवटी ती गोष्ट माझ्याच अंगावर येऊन पडली, म्हणून मीच सांगतो.

माझा जन्म कारखान्यातला. आधी मी सपाट पत्रा होतो. यंत्राने वरून एकदा दाबलं आणि मला खळगे पडले. दुखलं का, असं तुम्ही विचाराल. नाही दुखलं. पत्र्याला तापणं आणि निवणं एवढंच कळतं, बाकीचं तो घरात राहून माणसांकडून शिकतो. भांड्यांच्या दुकानात मी एकात एक बसवलेल्या साच्यांच्या अगदी तळाशी होतो. एका बाईने वरचे सगळे बाजूला करून मलाच उपसून काढलं, आणि दुकानदार बराच वेळ कुरकुरत राहिला. तिला घरात सगळे आई म्हणत. लेक झाल्यापासून नवराही आईच म्हणे. म्हणून मीही आईच म्हणतो.

ते दिवस माझ्या मानाचे. आई घरी केक करून कोपऱ्यावरच्या दुकानात द्यायची. ओव्हनचा एक कोपरा जास्त तापत असे, त्यामुळे माझ्या एका खळग्यातला केक नेहमी वाकडा फुगायचा. तो दुकानात जात नसे, तो बाबांचा. बाबा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे. संध्याकाळी घरी आले की डोळे मिटून बसायचे आणि तो वाकडा केक खायचे. कौतुक व्हायचं ते आईच्या हाताचं. पण काम झालं की ती मला पुसून ओट्यावरच्या खिळ्याला अडकवी, आणि मी त्यातलं निम्मं कौतुक खुशाल माझ्या खात्यावर जमा करी.

मावशी या घरात आली ती आईच्या पिशवीतून. राखाडी रंगाचं, मुठीएवढं पिल्लू. वाघाची मावशी म्हणून नाव मावशी. पहिल्याच दिवशी तिने लोण्याच्या वाटीत तोंड घातलं. आई रागावली नाही. ती कोणालाच रागवत नसे, नुसती बघायची. ते बघणं मावशीला कळायचं, आणि बाबांना त्याहून जास्त.

मग आई आजारी पडली. पोटाचा आजार. खाल्लेलं टिकेना. बाबा मऊ काहीतरी शिजवून न्यायचे, लेक चमच्याने भरवायची, आणि थोड्या वेळाने दोघांपैकी कोणीतरी ओकारीचं तसराळं धुवायला घेऊन यायचं. बरेच महिने असं चाललं. मग एक दिवस धुवायला काही आलं नाही.

त्यानंतर घर बधिर झालं. आरडाओरडा नाही, रडारड नाही. बाबांनी दुकानात जाणं सोडलं. लेक दातांच्या दवाखान्यात फोन घ्यायचं काम करते, ती जाऊ-येऊ लागली. दोघं आपसात बोलायची ती गॅस, दूध आणि दाराची किल्ली यांच्यापुरतं. मी खिळ्याला लटकून राहिलो आणि माझ्यावर धुळीचा थर बसला. मला वाईट वाटलं का? खरं सांगायचं तर नाही. वाटायला हवं होतं. पण त्या घरात कोणालाच काही वाटत नव्हतं, आणि मी काही बाहेरचा नव्हे.

अशात मावशी ओकू लागली.

पहिल्यांदा बाबांनी पाहिलं. ओट्याखाली कोरड्या खाण्याचे दाणे, खाल्ले तसेच्या तसे, ओले होऊन पडलेले. मावशी शेजारी बसून पंजा चाटत होती, जणू हे शेजाऱ्यांच्या मांजराचं काम. बाबा बराच वेळ उभे राहिले. मग लेक उठायच्या आत त्यांनी फरशी पुसली, फडकं धुतलं, खिडकी उघडली. बिचारीचं पोट रिकामं झालं असेल म्हणून वाटी पुन्हा काठोकाठ भरली. लेकीला सांगितलं नाही. हे ऐकून पोरीला काय आठवेल, ते त्यांना ठाऊक होतं.

संध्याकाळी बाबा फेरी मारायला गेलेले असताना लेकीला तेच दिसलं, स्वयंपाकघराच्या दाराशी. तिनेही पुसलं. तिनेही वाटी भरली. बाबांच्या जिवाला घोर नको म्हणून तिनेही चकार शब्द काढला नाही.

हे रोजचंच झालं. मावशी वाटीवर तुटून पडायची, न चावता गिळायची आणि सगळं बाहेर टाकायची. ज्याने पाहिलं तो पुसायचा आणि वाटी भरायचा. मग दुसरा यायचा. मावशी त्याच्या पायात घोटाळायची, जन्मात अन्न न पाहिल्यासारखा चेहरा करायची, आणि त्याला तिची दया यायची. त्या कामात तिचा हात कोणी धरणार नाही. मी वरून सगळं बघत होतो. मला तोंडं सहा, पण एकातून शब्द फुटेल तर शपथ.

तिला डॉक्टरकडे न्यायची गोष्ट मात्र कोणी काढेना. तिथे काय ऐकायला मिळेल, याचीच दोघांना धास्ती. आईच्या वेळी ऐकलं तेच पुन्हा ऐकायचं, आणि मग आईने आणलेली ही मावशीही जायची. त्यापेक्षा फरशी पुसणं सोपं होतं.

कोंडी फुटली ती खालच्या मजल्यावर नुकत्याच राहायला आलेल्या काकूंमुळे. त्या एका सकाळी चाळणी मागायला आल्या, तेव्हा बाबा गुडघे टेकून फरशी पुसत होते. काय सांडलं, असं काकूंनी विचारलं. बाबांचं लक्ष नव्हतं. मावशी परत ओकली, एवढंच ते म्हणाले. काकू चाळणी न घेताच खाली गेल्या, आणि संध्याकाळी त्यांनी लेकीला जिन्यात गाठलं. लेक वर आली ती चपला न काढताच स्वयंपाकघरात.

"बाबा, काकू म्हणतायत, मावशींना या वयात असं अंगावर काढायला लावू नका. रात्री त्यांच्या सोबतीला कोणीतरी झोपा."

बाबांना आधी उमगेना. काकूंना मावशी म्हणजे कोणी म्हातारी बाई वाटली, हे उमगलं तेव्हा त्यांच्या ओठांचा कोपरा जरासा हलला. त्याला हसणं म्हणता आलं नसतं.

"म्हणजे ती सकाळीपण ओकते?" लेकीने विचारलं.

"पण म्हणजे?" बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मावशीला टोपलीत कोंबून, वर टॉवेल बांधून दोघं प्राण्यांच्या दवाखान्यात गेली.

तिथलं मी काही पाहिलं नाही. नंतर लेकीने काकूंना ओट्याशी उभं राहून सांगितलं, ते ऐकलं. डॉक्टरबाईंनी मावशीचं पोट चाचपलं, दात पाहिले, रक्त तपासलं आणि तिला काट्यावर ठेवलं. मांजर खंगत चाललंय हे ऐकायच्या तयारीने दोघं उभी होती. मावशीचं वजन चांगलं वाढलेलं निघालं. हिला खायला कोण घालतं, असं बाईंनी विचारलं. दोघं एकदम "मी" म्हणाली. बाईंनी आळीपाळीने दोघांकडे पाहिलं. आजार काही नाही, त्यांनी सांगितलं, अधाशासारखी गिळते आणि पोट तुडुंब झालं की परत टाकते. थोडं थोडं द्या, एकमेकांना सांगून द्या. आणि वाटीत नको, खळगे असलेल्या पसरट भांड्यात द्या, म्हणजे तिला घाई करता येणार नाही. तरीही थांबलं नाही तर पुन्हा घेऊन या.

घरी आल्यावर दोघं खळग्यांचं भांडं शोधू लागली. म्हणजे शोधल्यासारखं करू लागली. मी डोळ्यांसमोर लटकत होतो. शेवटी बाबांनी हात वर केला.

"तो नको," लेक म्हणाली.

"मग काय करायचं त्याचं?"

बाबांनी मला काढलं, गरम पाण्यात बुडवलं आणि घासून घासून लख्ख केलं. मला राग आला, मित्रांनो. लोणी-साखरेत जन्म काढला, आणि म्हातारपणी मांजराचं ताट व्हायचं, तेही जमिनीवर. पण मला कोण विचारतो? बाबांनी प्रत्येक खळग्यात चिमूटभर दाणे टाकले आणि मला ओट्याखाली ठेवलं.

मावशीने पहिल्या खळग्यात तोंड घातलं आणि तिचं नाक अडलं. ती चिडली. मला पंजाने ढकललं, मी फरशीवर खडखडलो. मग मुकाट्याने जिभेने एकेक दाणा उचलू लागली. त्या दिवशी तिचं जेवण संपता संपेना.

आता ते टिकतं की नाही, याची वाट बघायची होती. दोघं तिथेच फरशीवर भिंतीला टेकून बसली. करण्यासारखं काही नव्हतं, पुसायलाही काही नव्हतं. मावशीचं पोट जरा हललं की दोघं पुढे झुकायची, आणि ती नुसतीच जांभई द्यायची.

बऱ्याच वेळाने लेकीने विचारलं, "बाबा, तुम्ही जेवलात?"

"हो."

हा "हो" मला तोंडपाठ होता. रोज ती दारातून विचारायची, "हो" ऐकायची आणि खोलीत जायची. बाबा दिवसभरात चहात पाव बुडवून खायचे आणि ती आल्यावर शंका नको म्हणून कोरडंच ताट धुऊन ठेवायचे. ती बाहेर खाऊन आले म्हणायची आणि भरलेला डबा हळूच कचऱ्यात रिकामा करायची. मावशीला दोघं पोटभर वाढत होती, दोनदा. त्या दिवशी मात्र लेक उठली नाही. तिचं लक्ष मावशीच्या पोटाकडे होतं.

"नाही जेवलो," बाबा थोड्या वेळाने म्हणाले. "बरेच दिवस नीट जेवलोच नाहीये."

"मीसुद्धा नाही," लेक म्हणाली, आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवून रडली. बाबा रडले नाहीत. त्यांनी भिंतीचा आधार घेत उठून गॅस पेटवला आणि दोन ताटं काढली. मावशी खाल्लेलं सगळं पोटात ठेवून माझ्या शेजारी झोपली होती.

मित्रांनो, जुन्या भांड्याने शेवटी म्हणायचं असतं की आम्हाला घासूनपुसून ठेवा, अडगळीत टाकू नका. ठेवा पुसून, माझी ना नाही. पण माझं मागणं वेगळं आहे. आपल्या माणसाला जेवलात का, असं विचारलंत आणि लगेच "हो" आलं, तर तेवढ्यावर उठून जाऊ नका. जरा बसून राहा.