मंगळवारची नोंद

मित्रांनो, मी सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. बसला, तर तुम्ही फारच भोळे! मी एक जुना टाइपरायटर आहे आणि आफ्रिकेच्या ज्ञानकोशाची अब्रू मी एकट्याने वाचवली आहे.

अक्रा शहरात त्या कोशाची कचेरी होती. आफ्रिकेचं ज्ञान आफ्रिकेच्या माणसांनीच लिहायचं, असा तिथला नेम. संपादक होती कोर्कोरताई. ती चिडली की माझी अक्षरं कागदाला भोकं पाडत, आणि ती रोज चिडे.

एकदा तेशी गावचे म्हातारे कोळी ओदाई आजोबा आले. ताईने आधी पाणी दिलं, मग येण्याचं कारण विचारलं.

"पोरी, गोऱ्यांच्या पुस्तकात लिहिलंय, आम्ही मंगळवारी होड्या काढत नाही, कारण आम्ही आळशी न् भित्रे. आता माझं लिही. मंगळवारी आम्ही जाळी सांधतो, भांडणं मिटवतो. दर्यालाही एक दिवस दम खाऊ देतो."

तीन दिवस ते सांगत होते. चार पानं झाली. शेवटी मी ठणकावून उमटवलं : लेखक, ओदाई, तेशी.

पानं छापखान्यात जायच्या दिवशी परदेशी सल्लागार आला. पाण्याला हातही न लावता म्हणाला, "लेखक म्हणून माझं नाव घाला. म्हाताऱ्याला वाचता तरी येतं का?"

"तुम्हाला पोहता येतं का, साहेब?" ताई कडाडली.

साहेब तरातरा आतल्या खोलीत जाऊन हात धुऊन आला आणि शेवटचं पान बदलायला स्वतःच माझ्यापुढे बसला. जन्मात कधी टाइप केलं नव्हतं त्याने! माझं पोलाद संतापाने तापलं. ज्याने साठ वर्षं खारं पाणी अंगावर घेतलं, त्याचं नाव हा पुसणार? मी सगळी शाई आत ओढून घेतली. साहेब बडवतोय, बडवतोय, कागद कोराच! खाली छापखान्याची गाडी भोंगा वाजवून थकली आणि अखेर मूळ पानंच घेऊन गेली. आजोबांचं नाव छापून आलं.

आज मी कोपऱ्यात गंजतो आहे. गंजू दे. पण मित्रांनो, ज्याचं ज्ञान त्याचं नाव लिहा, एवढं तरी—

"अरे लबाडा!" दारातून आवाज आला. केस पांढरे झालेली कोर्कोरताई काठी आपटत उभी होती. "शाई ओढली म्हणे! साहेब हात धुवायला गेला, तेव्हा तुझी शाईची फीत मी काढली आणि कमरेला खोचली. आठ दिवस काळा डाग गेला नाही. आणि श्रेय तुझं? तूसुद्धा साहेबच निघालास की रे!"