लांबचे कण

काटा हलणार नव्हताच. टेबलावरच्या, बाबांच्या जुन्या पितळी दाबमापकातला तो काळा काटा गेली अकरा वर्षं चाळीसवर अडून बसलेला, आणि तरी रोज सकाळी खुर्चीत बसण्याआधी ती काचेवर नखाने दोनदा टकटक करायची, बाबा करायचे तशी... बाबा फ्रिज दुरुस्त करायचे. नळी जोडायची, टकटक करायची, आणि काट्याकडे न बघताच म्हणायचं, ‘‘गॅस कमी आहे.’’ कसं कळायचं त्यांना? हाताला कळतं, म्हणायचे. आणि मी, हाताला ओ की ठो न कळणारी त्यांची मुलगी, संगणकाच्या पडद्यावरच्या चौकोनी पेटीत दोन हजार रेणू कोंडते, ते एकमेकांना किती ढकलतात, किती ओढतात ते मोजते, आणि अजून कुणी टाकीत भरलाही नाही अशा गॅसचा दाब सांगते. आठ महिने चुकीचा सांगते.

दाबमापकाखाली आज घडी घातलेली चिठ्ठी होती. इथली रीतच तशी. खाली प्रयोगशाळेत खराखुरा गॅस भरून दाब मोजणारा मापारी – त्याला सगळे मापारीच म्हणत – कामाला लागण्याआधी तिने आपला आकडा लिहून ठेवायचा, म्हणजे मागाहून ‘मला तेच म्हणायचं होतं’ चालत नाही. आधीच्या तिन्ही चिठ्ठ्यांनी तिला तोंडघशी पाडलं होतं. दर वेळी तिचा दाबाचा आकडा दोन-तीन बार जास्त. ‘‘ही चौथी,’’ विभागाच्या बाई म्हणाल्या होत्या, तेही अगदी मऊ आवाजात, ‘‘नाही जुळली तर पेटी बंद करू. सगळं मोजूनच घेऊ.’’ त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

आणि तरी आज तिला हसू येत होतं. सकाळपासून येत होतं, दात घासताना, जिना चढताना. रविवारी फोनवर ती बाबांना समजावत होती, की प्रत्येक रेणूने सगळ्यांकडे बघायचं म्हटलं तर गणित संपायचंच नाही, म्हणून ठरावीक अंतरापलीकडचे सोडून द्यायचे.

‘‘का गं? ते ओढत नाहीत?’’

‘‘ओढतात, पण इतकंसंच. लांबच्यांना कोण धरतं, बाबा?’’

‘‘मग आम्हालाही नकोच धरू,’’ दोन दिवसांच्या प्रवासाइतके लांब बसलेले बाबा म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसले.

तीही हसली... आणि हसता हसता थांबली. कारण लांबच्यांनाही धरायचं असतं! एकेकाची ओढ इतकुशी, पण थेंबे थेंबे तळे साचे – त्या सगळ्यांची मिळून एकगठ्ठा धरणारी एक ओळ प्रोग्राममध्ये असते, ती धरली की दाब उतरतो. ती ओळ तिनेच पहिल्या आठवड्यात, चाचणीपुरती, तात्पुरती बंद केली होती. आठ महिने तात्पुरती! काखेत कळसा आणि गावाला वळसा. शरम वाटायला हवी होती. वाटलीही, पण चहा निवेपर्यंतच.

ओळ पुन्हा चालू केल्यावर आलं बावन्न पूर्णांक तीन. चिठ्ठीत तेच होतं.

जिन्यावर पावलं वाजली. मापारीच, एक पायरी गाळून चढायची त्याची सवय. तो दारात आला, हातात मोजणीचा कागद, चेहरा नेहमीसारखा, काही म्हणजे काही न सांगणारा.

‘‘उघडायची का चिठ्ठी?’’

‘‘एक मिनिट,’’ ती म्हणाली आणि फोन उचलला. एरवी या क्षणी तिचे तळवे ओले व्हायचे. आज कोरडे होते, तिने बघितलेच. जुळावं, फार फार जुळावं असं वाटत होतं, जीव तिथेच होता... पण भीती? ती कुठे गेली?

‘‘बाबा, तुम्हाला धरलं.’’

‘‘आँ? मग जुळलं का?’’

‘‘अजून बघितलं नाही,’’ ती म्हणाली. आणि रिकाम्या हाताचं नख, सवयीने, काचेवर दोनदा वाजलं.