चहाडखोर मशीन

कानाची मशीनं विकायचा माझा धंदा, त्यामुळे दिवसभर माझ्यासमोर माणसं ओरडतात. त्याचं मला काही वाटत नाही. त्या दिवशी मात्र एक बाई अगदी हळू आवाजात बोलल्या आणि माझं डोकं फिरलं.

वडिलांना बाहेरच्या बाकावर बसवून त्या एकट्याच आत आल्या. महिन्यापूर्वी त्यांनीच वडिलांसाठी मशीन घेतलं होतं. पटलं नाही तर महिन्याभरात परत, असं ठरलं होतं आणि आज शेवटचा दिवस.

"रोज संध्याकाळी आठ वाजून गेले की बाबांना काही म्हणजे काही ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या. "जेवायला हाका मारून माझा घसा बसतो. मशीन बिघडलंय की बाबा मुद्दाम बंद करतात, ते मला कळायला हवं. यात नोंद राहते म्हणे. ती दाखवा, नाहीतर हे मशीन ठेवून घ्या."

नोंद राहतेच. चालू कधी, बंद कधी, अगदी मिनिटांसकट. मागच्या आठवड्यात त्यांचे वडील तपासणीला आले होते तेव्हा मी ती पाहिलीही होती. रोज आठला बंद, पावणेनऊला चालू.

"काकांना विचारते. ते हो म्हणाले तर दाखवते."

"पैसे मी भरलेत."

"मशीनचे भरलेत. कान त्यांचे आहेत."

बाई लालबुंद झाल्या. मशीन परत गेलं तर माझी विक्री बुडणार होती, ते एक वेळ परवडलं असतं. पण बाहेर बसलेला तो माणूस पुन्हा ठार बहिरा होणार, हे काही मला सोसवेना. आणि खरं सांगायचं तर चूक माझीही होती. मशीन बसवताना सेल कसा बदलायचा, साफ कसं करायचं, सगळं समजावलं. नोंदीचं तेवढं बोलले नाही. ऐकलं की गिऱ्हाईक बिचकतं, म्हणून गिळून टाकलं.

मी काकांना आत बोलावलं आणि लेकीसमोरच सगळं सांगितलं.

काकांचा हात कानामागे गेला. "म्हणजे हे कार्टं महिनाभर माझ्या चहाड्या टिपून ठेवतंय?"

"हो. मी आधीच सांगायला हवं होतं, चुकलं माझं. तुम्ही नको म्हणालात तर ती कुणालाही दाखवणार नाही. मशीन परत घ्यावं लागलं तरी."

काका लेकीकडे वळले.

"नोंद कशाला हवी? मीच बंद करतो," ते म्हणाले. "आठला तुझा दादाला फोन असतो ना? पुढचे सहा महिने मला कोणी ठेवून घ्यायचं, त्यावरून भांडता. भिंतीपलीकडे मी असतो. पहिले चार दिवस ऐकलं सगळं. मग बंद करायला लागलो."

मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण दुकानच माझं, जाणार कुठे?

बाई वडिलांच्या शेजारी येऊन बसल्या. डोळे पुसले. "आज आठला फोन लावून तुमच्या हातात देते. कुठे राहायचं ते तुम्हीच सांगा त्याला."

काकांनी मशीन काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

"आधी ती नोंद बंद करा," ते म्हणाले. "आणि आवाज जरा वाढवून द्या. आमचे चिरंजीव तोंडातल्या तोंडात बोलतात."