डिंकाने खाल्लेली तार

मी एक जुना बिनतारी संच आहे, मित्रांनो. आकार जेवणाच्या डब्याएवढा आणि ताकद विजेरीतल्या दिव्याएवढी. तरीही जपानच्या गोतो बेटांवरून माझी टिकटिक थेट कोरियापर्यंत पोहोचायची, हे मी जरा मिरवूनच सांगतो.

सुट्या भागांच्या रूपात मी टपालाने आलो आणि उराबे मित्सुएबाईंनी मला जोडलं. त्यांचं उभं आयुष्य तारघरात गेलेलं, त्यामुळे टिकटिक बोटांत मुरलेली. माझ्या पोटात बारीक तांब्याच्या तारेचं सव्वीस वेढ्यांचं वेटोळं होतं. माझा आवाज बाहेर जायचा आणि जगाचा आत यायचा, तो त्याच वाटेने. नावेत धक्के बसले की ते डुगडुगायचं.

"चिकटवून टाक की," तेइझोदादा म्हणाले. ते बाईंचे थोरले भाऊ, नावा बांधणारे नामांकित कारागीर. "न्हाणीघरातला टब बसवला, त्या डिंकाची अर्धी नळी उरलीय. पाणी थोपवते ती, तुझं वेटोळं कोण लागून गेलं!"

"दादा, याला व्हिनेगरचा वास मारतोय रे."

"मग? सुशीच्या भातालाही येतो. खाणं सोडलंस का?"

बाईंना रविवारच्या बिनतारी स्पर्धेची घाई. त्यांनी हसत हसत बोटभर डिंक थापला आणि तो ओला असतानाच झाकण आवळलं. आंबट वाफ माझ्या पोटात कोंडली. तांब्याला तिचं वावडं असतं, हे ना नावा बांधणाऱ्याला ठाऊक, ना तारवालीला.

हळूहळू माझा आवाज बसू लागला. समुद्रापलीकडे, हिरादोला राहणारे त्सुत्सुमी मास्तर रोज कळवायचे, "उराबेबाई, आज फारच क्षीण येताय." बाईंचं उत्तर ठरलेलं, "सूर्यावर वादळं उठलीत, मास्तर." बिनतारीवाल्यांची ही जुनी खोड. आवाज खालावला की खापर सूर्यावर फोडायचं, पेचकस काही हातात घ्यायचा नाही. मला फार वाईट वाटायचं, पण सांगणार कोणत्या तोंडाने?

ऑक्टोबरात दोघं मला घेऊन एका निर्मनुष्य खडकाळ बेटावर गेले. अशा ओसाड जागेहून टिकटिक आली की दूरदूरचे बिनतारीवाले खूश होतात. परत निघताना दादांचा पाय शेवाळावरून घसरला आणि पाऊल दोन खडकांच्या फटीत अडकलं. हाड मोडल्याचा आवाज मीही ऐकला. मोबाइलला रेंज नव्हती. भरती सुरू झाली होती. बाईंनी ओढून पाहिलं, फळी घालून पाहिलं, पण पाऊल तसूभरही हललं नाही.

बाईंनी मला पिशवीतून काढलं आणि मदतीची हाक बडवायला सुरुवात केली. सकाळी कसाबसा बोललो होतो, आता माझ्यातून काहीच बाहेर गेलं नाही. त्यांनी झाकण काढलं. डिंकाखाली तार हिरवी पडून तुटली होती.

"दादा, तुझ्या त्या नळीने तार खाल्ली!"

"शिव्या मागाहून घाल. सुरी दे इकडे. तू फक्त संच वर धर."

पाणी दादांच्या कमरेला लागलं होतं. बाईंनी मला त्यांच्या छातीशी उंच धरलं. दादांनी डिंक खरवडून काढला, एक वेढा सोडवला आणि त्याचं टोक चकचकीत होईपर्यंत तासलं. मग ते तुटलेल्या दुसऱ्या टोकाला गुंडाळून जाळ्याच्या दोऱ्याने करकचून बांधलं. एकदा सुरी निसटली. मी तेव्हा मेलोच होतो.

"हं, बडव आता."

बाईंनी बडवलं. उत्तर नाही. पुन्हा बडवलं. तिसऱ्या वेळी त्सुत्सुमी मास्तरांची टिकटिक आली, "ऐकतोय. जागा सांगा." बाई रडत रडत सांगत होत्या, पण एक अक्षर चुकलं नाही.

बचावाची नाव येईपर्यंत पाणी दादांच्या हनुवटीला टेकलं होतं. बाई त्यांचं डोकं दोन्ही हातांनी वर धरून उभ्या होत्या. पहारीने खडक फाकवला तेव्हा कुठे पाय सुटला.

दादा आता काठी घेऊन चालतात. नावा बांधणं सुटलं. त्यांनीच भिंग लावून माझं पोट पुसलं आणि बाईंनी नवं वेटोळं बसवलं. विजेच्या वस्तूंसाठी असतो तो बिनवासाचा डिंक आणून मसुराच्या दाण्याएवढा थेंब वेटोळ्याच्या बुडाशी लावला. झाकण दोन दिवस उघडं ठेवलं.

"चूक माझी," दादा म्हणतात.

"हसलं कोण? मीच ना!" बाई म्हणतात.

मला कोणी विचारत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. मित्रांनो, डिंक लावण्याआधी तो कशासाठी बनलाय ते वाचा, आणि सुकेपर्यंत धीर धरा. पण त्याहून मोठी गोष्ट दुसरीच आहे. मी कोणाला न कळता बिघडलो नव्हतो. माझा आवाज खोल गेलाय, हे समुद्रापलीकडच्या माणसाने रोज सांगितलं. माझं झाकण मात्र ज्यांच्या हाताशी होतं, ते आभाळाकडे बघत बसले.